ऐंशी सेंटीमीटर

१२ जानेवारी, सोमवार

आणि वर म्हणते काय, "वहिनी, तुमाला दोन लागत्याल, पर वाटायला एकेकच आणल्यात." वीस-बावीस बायकांसमोर! माझी धाकटी नणंद, मेढ्याची. काल तिच्या नव्या घराची घरभरणी होती. ओटीत ब्लाउजपीस घातला तो ऐंशी सेंटीमीटर. ऐंशीत माझ्या दोन बाह्या आणि पुढचा एक भाग होतो. बाकी पाठ उघडी टाकून गावातनं फिरू काय?

लग्नाला तीस वर्षं झाली. तीस वर्षांत ओटीत आलेला एक पीस मी अंगाला लावलेला नाही. मला सव्वा मीटर लागतं. आमचा जोतीराम शिंपी टेपसुद्धा लावत नाही, लांबनं बघतो आणि म्हणतो, "काकी, आजून पाव मीटर आना." हलके पीस मी दुसऱ्यांच्या ओटीत घालून टाकते. चांगले तेवढे पत्र्याच्या पेटीत ठेवलेत. हिरवा, जांभळा, मोरपंखी, दोन तर काठाचे आहेत. कशाला ठेवलेत विचाराल तर मला सांगता यायचं नाही.

नणंदेला म्हणलं, "दे की एकच. घरातली फडकी संपल्यात."

आता वहीचं. माझी लेक रेश्मा सांगलीत विश्रामबागेत दिली आहे. तिनं मला गेल्या शुक्रवारी तिथल्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. छाती कमी करायचं ऑपरेशन करतात त्या. असलं काही असतं हे मला पन्नाशीपर्यंत कुणी सांगितलं नाही, ह्याचा राग वेगळाच. बाई म्हणल्या, "मावशी, कुठं दुखतं, किती दुखतं, रोज लिहून ठेवा." मी चौथी शिकले. बोलतो तसं लिहिलं की गुरुजी पट्टी हाणायचे, म्हणून लिहिताना अजून सरळ लिहिते.

मान दुखते. खांद्यांवर पट्ट्यांच्या खाचा पडल्यात, करंगळी बसते. खाली घाम साचून पुरळ उठतं, उन्हाळ्यात कातडं सोलून निघतं. तण भांगलायला वाकलं की सगळं ओझं पुढं येतं आणि कंबर मोडते. एसटीमागं पळता येत नाही. पळाले तर अख्खा स्टँड बघतो.

किती दुखतं? लय.


१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सकाळी मिशरी लावून, अंघोळ करून, सुगडी पुजून आता लिहायला बसले.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं ते सगळं लिहायचं राहिलं. नाव त्यांचं अश्लेषा. रेश्माएवढीच पोरगी, पण टेप लावायला जोतीरामपेक्षा हुशार. इथनं इथं, तिथनं तिथं, सगळं मापून घेतलं. फोटो काढले, मान कापून. जन्मात पहिल्यांदा कुणी फोटो काढताना पदर नीट घ्या म्हणलं नाही. म्हणल्या, दोन्हीकडचं मिळून दीड किलो तरी निघेल. दीड किलो म्हणजे एक भरलेली कोंबडी! तीस वर्षं गळ्यात कोंबडी बांधून मी उसात भांगलतेय.

मग विचारलं, साखर आहे का? नाही. बीपी? नाही. छातीचा फोटो काढलाय तो स्वच्छ आहे. तंबाखू, विडी, दारू? मी म्हणलं, "बाई, त्यातलं जे काय असंल ते आमच्या हवालदारांकडं. मी कशाला हात लावत न्हाई." त्यांनी कागदावर फुली मारली. ऑपरेशन तीन फेब्रुवारीला.


१९ जानेवारी, सोमवार

हवालदार म्हणजे आमचे मालक. अठरा वर्षं फौजेत होते. लढाई केली असेल नसेल, पण घरात बोलायचं काम माझ्याकडं देऊन टाकलंय.

जेवताना त्यांना सगळं सांगितलं. काय करणार, किती काढणार, किती टाके. ऐकून घेतलं. पाणी प्याले. म्हणले, "हात कवापतूर वर करायचा न्हाई?"

"सा आठवडं. जड उचलायचं न्हाई, भाकरी थापायची न्हाई."

"हं."

झालं. उठले, डबी काढली, तंबाखूत चुना घालून अंगठ्यानं मळत पारावर गेले. ह्यांना भाकरीची काळजी पडली आहे. मी मरते का जगते, ते नंतर.


२४ जानेवारी, शनिवार

शेजारची चंद्राबाई आली होती. आम्ही दोघी रोज तिसऱ्या प्रहरी पायरीवर बसून मिशरी लावतो. तेवढंच काय ते सुख. तिला सांगितलं. तिनं बोट तोंडातच ठेवलं.

"लीले, देवानं दिल्यालं कापून टाकायचं व्हय गं?"

"देवानं नखंबी दिल्यात. तू कापतीस न्हवं?"

"आगं पर मालक काय म्हनत्याल?"

"मालक हं म्हनलं."

"हं म्हंजी?"

"ते मला म्हाईत असतं तर तुला सांगितलं न्हसतं का?"


३० जानेवारी, शुक्रवार

उसाला तोड आली. टोळी नेमकी दोन तारखेला यायची म्हणे. हवालदार म्हणले, "टोळी सोडून येता येनार न्हाई." मी म्हणलं, "या म्हनलंय कुनी? रेश्मा हाय." म्हणले, "हं."

मागच्या साली हीच टोळी आठ दिवस उशिरा आली तेव्हा हे पुण्याला पाहुण्यांच्या लग्नाला दोन दिवस जाऊन आले होते. पण माझं काही म्हणणं नाही.


४ फेब्रुवारी, बुधवार

घरी आले. ऑपरेशन झालं नाही. आता काय झालं ते लिहिते, कारण सांगायला गेलं की मलाच हसू येतं आणि मग रडू येतं.

सोमवारी दवाखान्यात भरती झाले. रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही म्हणल्या. बरं. मंगळवारी पहाटे डॉक्टरीणबाई आल्या, मला उभं केलं आणि जांभळ्या पेनानं छातीवर रेघा मारल्या. इथनं कापायचं, हे वर घ्यायचं, हे टाकायचं. उसाच्या सऱ्या पाडतात तसं. मग म्हणल्या, "मावशी, तासाभरात नेऊ."

तासभर करायचं काय? पोटात काही नाही. पिशवीतनं डबी काढली आणि मागच्या पायरीवर बसून मिशरी लावली. दोन बोटं. चूळ भरून थुंकून टाकली. एक थेंब गिळला नाही, नियम म्हणजे नियम. तेवढ्यात मागनं नर्स.

"मावशी, हे काय करताय?"

"मिशरी लावतीय."

"मिशरी? अहो मिशरी म्हणजे तंबाखूच की!"

"आगं तंबाखू खात्यात. मिशरी लावत्यात. दात घासायची हाय ती."

"दिवसातनं किती वेळा घासता दात?"

"चार. पाव्हनं आलं तर पाच."

ती पळतच गेली. डॉक्टरीणबाई आल्या, भूल देणारे डॉक्टर आले, माझं तोंड उघडून हिरड्या बघितल्या. बैलाचे दात बघतात तसे. मी म्हणलं, "मी खोटं बोललं न्हाई. तुमी तंबाखू इचारली." डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून माझ्या शेजारी पायरीवरच बसल्या. म्हणल्या, "मावशी, चूक माझी. ह्या भागात राहून मी मिशरीचं वेगळं विचारायला हवं होतं."

मग समजावलं. तंबाखूनं बारीक नळ्या आकसतात, कातड्याला रक्त पोचत नाही. एवढं कापून शिवलं आणि रक्त पोचलं नाही तर टाके उसवतात, कातडं काळं पडतं, बोंडसुद्धा गळून पडू शकतं. त्यांनी हे गोड आवाजात सांगितलं, म्हणून जास्तच भ्या वाटलं.

सहा आठवडे मिशरी बंद. एक बोटसुद्धा नाही. सतरा मार्चला परत या. एकदा जरी लावली तर मी हात लावणार नाही, म्हणल्या. वहीत रोज लिहायचं, लावली का नाही.

रेश्मा एसटीत बसवून देईपर्यंत हसत होती. मग माझ्याकडं बघितलं आणि थांबली.


५ फेब्रुवारी, गुरुवार

नाही लावली. डोकं ठणकतंय.

काल संध्याकाळी अंघोळ करत होते, टॉवेल राहिला म्हणून हाक मारली. हवालदार टॉवेल घेऊन आले आणि दारात थांबले. रेघा अजून गेल्या नव्हत्या.

"ह्यो नकाशा कुनी काडला?"

"डॉक्टरीणबाईनं."

फौजेत नकाशे बघायची सवय. बघतच राहिले. मग खांद्यावरच्या खाचेवर बोट ठेवलं. तीस वर्षांत ती खाच त्यांना पहिल्यांदा दिसली असावी. मी म्हणलं, "आवं पानी थंड व्हतंय." गेले.

नंतर ओसरीवर तंबाखू मळत बसले होते. मी का परत आले ते त्यांना सांगितलं, नळ्या, रक्त, काळं पडणं, सगळं. मळता मळता अंगठा थांबला. तोंडात न टाकताच उठले आणि बाहेर गेले. मिशरी लावणाऱ्या बाईला दवाखान्यातनं हाकललं, ह्याची लाज वाटली असणार. वाटू दे.


६ फेब्रुवारी

नाही.


७ फेब्रुवारी

नाही. चंद्राबाईला सांगितलं, माझ्या पायरीवर मिशरी लावायची नाही. ती म्हणाली, तुझी पायरी तुलाच लखलाभ.


९ फेब्रुवारी, सोमवार

नाही लावली. पण आज खोटं बोलणार नाही. दुपारी घरात कुणी नव्हतं तेव्हा मी हवालदारांची तंबाखू शोधली. तव्यावर भाजायची, चुरायची, एक बोट लावायची आणि वहीत नाही लिहायचं, असं ठरवूनच शोधली. सदऱ्याचे खिसे, गादीखाली, कोनाडा, फौजेची ट्रंक. तंबाखू कुठंच नाही! सदऱ्यात लवंगा आणि बडीशेप. कोनाड्यात चुन्याची डबी सापडली, त्यातला चुना वाळून दगड झालेला.

म्हणजे माझा भरवसा नाही. नवी डबी आणली आणि माझ्यापासनं लपवून ठेवली. बहुतेक पाण्याच्या मोटारीच्या खोलीत ठेवली असेल, शेतावर. माझ्याच घरात माझ्यावर चोरासारखा पहारा!

संध्याकाळी तोंडावरच विचारलं, "तंबाखू कुटं हाय तुमची?"

"न्हाई."

"न्हाई म्हंजी?"

"न्हाई म्हंजी न्हाई."

हे असं उत्तर.


१५ फेब्रुवारी, रविवार

अकरा दिवस. नाही लावली. महाशिवरात्रीचा उपास, त्यात मिशरी नाही. साबुदाण्याच्या खिचडीत मीठ दोनदा पडलं. हवालदारांनी ताट सरकवलं. मी म्हणलं, "खा की, फौजेत काय पंचपक्वान्नं व्हती?" तर एकदम ओरडले, "लीले, मीठ हाय का चेष्टा हाय!" तीस वर्षांत हा माणूस माझ्यावर ओरडला नव्हता. मी ओरडले ते वेगळं. मग आम्ही दोघं शेळीवर ओरडलो.

हल्ली हे सारखेच चिडके झालेत. सकाळी उठले की चहा सांडतात. लिंबाची काडी चघळत परड्यात येरझाऱ्या घालतात. मनातनं ऑपरेशन नको आहे, तोंडानं सांगवत नाही, त्याचा हा राग.


२२ फेब्रुवारी, रविवार

नाही लावली. आता दोन दिवस डोकं दुखलं नाही. जेवणाला चव येते. वांग्याला एवढी चव असते हे मला माहीत नव्हतं.

ज्वारीचं पीठ उतरतंय. डबा गुरुवारी भरला होता, आज अर्धा. चंद्राबाईवर संशय आहे, पण रागावून आधीच बोलत नाही, विचारू कसं? आणि आमचं कुत्रं दोन दिवस भाकरीच्या तुकड्याला तोंड लावत नाही. कुठंतरी पोटभर खाऊन येतं. तव्याच्या कडेलाही काहीतरी जळून बसलंय. मी एवढं करपवत नाही कधी.


३ मार्च, मंगळवार

होळी झाली. पुरणपोळ्या केल्या. चंद्राबाईला पाच दिल्या, बोलायला लागली. बोलायला लागली ते बरंच, पण बोलली काय?

"तुजा मालक महिनाभर पारावर दिसंना. पैलं दिस मावळूस्तर बसायचा. मानसं इचारत्यात."

"काय इचारत्यात?"

"काय इचारत्याल? तुज्या ऑपरेशनचं गावात झालंय समद्यांना. मान खाली घालून जातो म्हनं पारावरनं. कुनी 'ये रं हवालदारा' म्हनलं तर हात हलवून पुढं जातो. थांबतच न्हाई."

मी हसून म्हणलं, "पारावर बसून तरी काय करतंय? तंबाखूच मळत्यात समदी." पण घरी येऊन बसले ती बसलेच.

म्हणजे लाज वाटते. माझी. माझ्या छातीवरनं पारावर चार माणसं बोलतील म्हणून हा माणूस रोजची जागा सोडून बसलाय. नणंद बोलली तर मी उत्तर दिलं. जोतीराम बोलला तर पाव मीटर आणून दिलं. ह्यांना काय उत्तर देऊ? हे तर बोलतच नाहीत.

नाही लावली. आज लावावीशी वाटली, पण त्या पारावरच्या माणसांपायी मी माझे सत्तावीस दिवस घालवणार नाही.


८ मार्च, रविवार

रेश्मा आली होती. येताना दवाखान्यातला कागद आणला. सोळाला भरती, सतराला सकाळी ऑपरेशन. सोबतचं माणूस एक, त्यानं सही करायची आणि दोन दिवस थांबायचं.

"आई, मी हायेच," म्हणाली. मग चहा पिताना बापाला विचारलं, "दादा, तुमी वाळल्यासारखं दिसताय."

"बरा हाय."

"आनि तोंडाचा वास न्हाई येत आज!" असं म्हणून हसली. बापानंही हसून बडीशेप पुढं केली. दोघं एकमेकांकडं बघत होते. मला ह्या बापलेकीचं काही कळत नाही. लहानपणापासनं दोघं असेच. मी स्वयंपाकघरात गेले.

जाताना रेश्मा म्हणाली, "आई, दादांना इचार की सोबत येताय का."

"मी का इचारू? त्यास्नी तोंड न्हाई?"

"तुमच्या दोघात एकच तोंड हाय, ते तुज्याकडं," म्हणाली. आगाऊ.


११ मार्च, बुधवार

नाही लावली. पस्तीस दिवस.

आज पेटी उघडली. सगळे पीस बाहेर काढून उन्हात घातले. मोजले नाहीत, नुसते बघितले. मोरपंखी बाजूला ठेवला, काठाचा. माझ्या डोहाळजेवणाला सासूबाईंनी ओटीत घातला होता. तेव्हाच मला बसणारा नव्हता आणि त्यांनाही माहीत होतं, पण दुकानात रंग बघून त्यांना राहवलं नाही, असं त्या म्हणल्या होत्या. जोतीरामकडं जाऊन दाखवला. म्हणाला, "काकी, ह्यात न्हाई बसायचं." मी म्हणलं, "यात्रंला बसंल. तवर टेप लावायला शिक."

परत आले तर चुलीपाशी हवालदार. हात पिठानं भरलेले, तव्यावर काहीतरी तीन कोनांचं. मला बघून दचकले, जसं मीच त्यांना मिशरी लावताना पकडलं. म्हणले, "कुत्र्याला केलतं."

कुत्र्याला! आम्ही कुत्र्याला शिळी घालतो. ह्यांनी ताजी थापली. काही का असेना, तीन आठवडे माझं पीठ कोण नेत होतं ते कळलं. चंद्राबाईची मनातनं माफी मागितली. तोंडानं नाही मागणार.

मग विचार केला, आता हे तोंडावर विचारायचंच नाही. विचारलं की "हं" येतं, नाहीतर "न्हाई म्हंजी न्हाई" येतं. तर हवालदार, हे पुढचं तुमच्यासाठी लिहिते. वही तुमच्या फौजेच्या ट्रंकेवर ठेवणार आहे, पेन आत घालून. मागचं सगळं वाचलंत तरी चालेल. वाचाच.

मी ऑपरेशन करणार. त्याला तुमची परवानगी मागत नाही. पस्तीस दिवस मी मिशरीला बोट लावलं नाही, तुमची तंबाखू शोधली तेवढा एक दिवस सोडून, आणि त्या दिवशीही मिळाली नाही म्हणून लावली नाही. सोळाला सकाळी सहाची सातारची एसटी आणि तिथनं सांगलीची धरायची आहे. ऊस गेला, टोळी गेली, आता तुमच्याकडं कारण उरलेलं नाही. रेश्मा सोबत आहेच. पण सही करायच्या जागी तुमचं नाव पाहिजे, असं मला वाटतं. का वाटतं ते विचारू नका, मला सांगता यायचं नाही.

एक, तुम्ही येणार का नाही. नुसतं हं चालणार नाही. हो लिहा, नाहीतर नाही लिहा.

दोन, पारावर जायचं का सोडलंत. माझी लाज वाटते म्हणून सोडलं असेल तर तसं लिहा. मी काही करणार नाही. नुसतं माहीत पाहिजे.

तीन, तंबाखूची नवी डबी कुठं लपवली आहे. मोटारीची खोली मी काल बघून आले, तिथं नाही. घाबरू नका, मला आता ती नको. पण माझ्या घरात एक वस्तू महिनाभर मला सापडत नाही, हे मला सहन होत नाही.

शनिवारी दिवेलागणीच्या आत उत्तर ह्याच पानावर पाहिजे. खाली जागा सोडली आहे.